बॅरलच्या तळाचं पाणी

सोमवारी सकाळी वर्गाचं कुलूप काढलं आणि पहिली नजर खिडकीतल्या बाटल्यांकडं गेली. सहा बाटल्या होत्या. पाण्याच्या लिटरच्या, वरून कापलेल्या, तोंडावर माझ्या जुन्या ओढणीचा तुकडा आणि त्याला रबर. पाच बाटल्या शनिवारी ठेवल्या तशाच होत्या. सहावीचं कापड एका बाजूनं लोंबत होतं. रबर तुटून कट्ट्यावर पडलं होतं.

वाकून पाहिलं. पाण्यावर सात साली तरंगत होत्या, पारदर्शक, नुसता श्वास लागला तरी हलतील अशा. शनिवारी दुपारी शाळा सुटताना त्या बाटलीत सात कोष होते. म्हणजे सुट्टीच्या दिवशी सातही डास बाहेर पडले होते आणि माझ्या चौथीच्या वर्गात कुठंतरी बसले होते.

मुलं यायच्या आत मी हजेरीची वही घेऊन भिंती झोडपल्या. तीन सापडले. काळे, पायांवर पांढरे पट्टे. चार सापडले नाहीत.

बाटली बाहेर ओतून गप्प बसता आलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. पण दोन महिने मी मुलांच्या मागं लागले होते की जे दिसलं ते लिहायचं, जे दिसायला हवं होतं ते नाही. मग मीच कशी लपवू? प्रार्थना झाल्यावर सरळ सांगितलं, "सहा नंबरचं रबर तुटलं. डास पळाले. नोंद करा."

"पळालं? लय भारी!" मागच्या बाकावरचा एक जण ओरडला. सगळा वर्ग हसला. मुलांनी तारीख घालून लिहिलं, 'रबर तुटले, डास पळाले.' संध्याकाळपर्यंत ते वाक्य गावातल्या घराघरात पोचलं.

हजेरी घेताना एक मुलगी गैरहजर निघाली. डासांचा हा सगळा खटाटोप जिच्या प्रश्नामुळं सुरू झाला, तीच. तिची चुलत बहीण म्हणाली, "मॅडम, तिला शनवारी सांजंपासनं ताप हाय." मी 'बरं' म्हटलं आणि पुढचं नाव घेतलं.

मी मूळची खंडाळा तालुक्यातली. वडील सातवीपर्यंत शिकलेले, कारखान्यात हेल्पर. आमच्या भावकीत बी.एस्सी. झालेली पहिली मी, मुलगे धरूनही पहिली. साताऱ्याला एसटीनं जाऊन-येऊन केलं. हे मी कुणालाही सांगते, लाजत नाही, उलट जरा जास्तच सांगते. पण एक गोष्ट सांगत नव्हते. विषय प्राणिशास्त्र असूनही डासाची जिवंत अळी मी कॉलेजात कधी पाहिली नव्हती. जर्नलमध्ये मोठ्या मुलींची आकृती बघून आकृती काढायची, बाण काढायचे, सही घ्यायची. मार्क उत्तम पडले. नंतर डी.एड. केलं, नोकरी लागली, आणि ती आली सांगलीच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातल्या दोन शिक्षकी शाळेत. तिथं पहिली जिवंत अळी मी पाहिली ती नऊ वर्षांच्या त्या मुलीबरोबर, तिच्या शेजारी उकिडवी बसून.

गावात नळाला पाणी सहा दिवसांतून एकदा येतं. त्यामुळं घरोघरी निळी बॅरलं. आरोग्य खात्याची माणसं येऊन सांगून गेली होती, बॅरल झाका. लोक झाकत होते. तरी अळ्या होत्याच. त्या मुलीनं विचारलं, "मॅडम, आमचं बॅरल झाकल्यालं असतंय, मग अळ्या येत्यात कुठनं?"

उत्तर मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "बघू या."

तीन घरं निवडली. प्रत्येक घरातून दोन बाटल्या. एकीत नळाचं नुकतंच आलेलं पाणी, दुसरीत बॅरलच्या तळाचं. सगळ्यांवर सारखं कापड, सगळ्या एकाच खिडकीत. रोज मोजायचं आणि लिहायचं. नळाच्या पाण्यात काही झालं नाही. तळाच्या पाण्यात आधी दोऱ्यासारखं काहीतरी वळवळायला लागलं, मग जाड झालं, मग स्वल्पविरामासारखे कोष. सहा नंबरची बाटली त्या मुलीच्या घरच्या बॅरलची होती.

तळाचं पाणी राहतं कशाला, हे इकडं कुणाला विचारावं लागत नाही. पाण्याचं भांडं कोरडं पाडायचं नाही. नवं पाणी यायच्या वेळी चार बोटं जुनं पाणी तळात ठेवायचं, त्यावर नवं घ्यायचं. दह्याला विरजण ठेवतात तसं. जुनं पाणी नव्याला बोलावतं, असं बायका म्हणतात. टँकरच्या मागं धावून ज्यांचे पाय गेले त्या बायका. माझी आईसुद्धा ठेवायची. मुलीच्या आजीच्या घरात तर तो सासूनं घालून दिलेला नियम होता.

बुधवारी मुलीचं रक्त तपासलं. डेंग्यू निघाला. गुरुवारी तिला मिरजेला हलवलं.

त्या दिवशी खिचडीच्या सुट्टीत फाटकाजवळ चार बाया उभ्या होत्या. आत आल्या नाहीत. मी गेले तर एक दुसरीला म्हणाली, "शाळेत डास पाळत्यात म्हनं आता. पयलं ससं पाळायचे." आणि मला ऐकू जाईल इतपत हसली. दुसऱ्या दिवशी पटावरच्या सव्वीसपैकी अकराच मुलं आली.

आमचे मुख्याध्यापक म्हणजे शाळेतले दुसरे शिक्षक. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, सरळ माणूस. ते म्हणाले, "मॅडम, उद्या दुपारी शाळा समितीची सभा लावलीय. अध्यक्ष लई तापलेत. तुम्ही आज मिरजेला जाऊन या. न गेलात तर तेही बोलतील."

मी कुणी बोलेल म्हणून गेले नाही. मला झोप लागत नव्हती म्हणून गेले. त्या चार डासांची गोष्ट डोक्यातून हलत नव्हती. ते चार कुठं गेले? कुणाच्या अंगावर बसले? इतकं शिकलेली बाई मी, पण भीतीनं साधा हिशोबही करत नव्हते.

दवाखान्यात वॉर्डबाहेरच्या बाकावर आजी बसली होती. हातात पपईच्या पानांच्या रसाची बाटली, कुणी आत नेऊ देत नव्हतं ती. मुलीची आई आतून आली, मला पाहिलं आणि पुन्हा आत गेली. मी विचारलं, "पेशी किती आहेत?"

"अडतीस हजार," आजी म्हणाली. "काल पन्नास व्हत्या. उतरायल्यात." मग माझ्याकडं पाहून, "तुमचं किडं चावलं माझ्या पोरीला."

मला राग आला. खरं सांगायचं तर भीतीच होती, पण बाहेर पडली ती रागासारखी. म्हटलं, "आजी, असं नसतं ते. मी बी.एस्सी. आहे, मला कळतं."

"बी.एस्सी. हाय, मग रबर नवं घ्यावं एवढं न्हाई कळलं?"

ते रबर टेबलाच्या खणातलं जुनंच होतं. शनिवारी एसटी चुकेल म्हणून घाईत लावलेलं. दाराच्या काचेतून मुलगी दिसली. डोळे मिटलेले, हाताला सलाईन, ओठ वाळलेले. मला आत सोडलं नाही.

सांगलीजवळ माधवनगरातल्या माझ्या खोलीवर परत जाताना एसटीत पिशवीतून मुलांची नोंदवही काढली. ती मी सोमवारपासून उघडली नव्हती. शनिवारचं पान त्या मुलीच्याच अक्षरात होतं. 'दुपारी एक. सहा नंबर. कोष ७. एक पण फुटला नाही.' आणि ताप चढला शनिवारी संध्याकाळी. वही मांडीवर ठेवून बसले. डास चावल्यावर ताप यायला चार-पाच दिवस तरी जातात. तापाच्या दिवशी दुपारी माझे सातही डास कोषात बंद होते. ते जन्मलेच नव्हते. आणि जन्मलेला डास आधी एखाद्या आजारी माणसाला चावल्याशिवाय रोग कुठून आणणार?

मी सुटले. दोन मिनिटं खरोखर हलकं वाटलं. मग त्याच पानावर वरची ओळ वाचली. 'सहा नंबर : आमच्या घरचे बॅरल, तळाचे पाणी. आजी तळाचे पाणी टाकून देत नाही.'

वही दाखवली की माझी मान मोकळी होणार होती. आणि त्याच वेळी सगळ्या गावासमोर ती ओळ त्या बाकावरच्या बाईच्या गळ्यात पडणार होती. पेशी उतरत असताना.

शनिवारी शाळा सुटल्यावर सभा झाली. वर्गातच, मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे आडवे करून बसलेली. अध्यक्ष, दहा-बारा बाप्ये, दोन-तीन बाया. आजी कपडे न्यायला मिरजेहून आली होती, ती दाराला टेकून उभी. मुलीचे वडील फौजेत, सीमेवर होते. अध्यक्षांनी त्यांना फोन लावून टेबलावर ठेवला होता. सभेआधी मुख्याध्यापक माझ्या कानाशी म्हणाले, "वही दाखवा आणि मोकळ्या व्हा. मी वाचलीय." मी वही पिशवीतच ठेवली.

"मॅडम," अध्यक्षांनी सुरुवात केली, "बाटलीतनं डास सुटलं, ह्ये खरं का खोटं?"

"खरं. रबर जुनं होतं. ती माझी चूक."

"बघा, कबूल हाय," एक जण म्हणाला.

"चूक कबूल आहे. पण मुलीला चावलेला डास त्या बाटलीतला नाही." आणि मी तारखा सांगितल्या. शनिवारी दुपारी कोष बंद होते, ताप संध्याकाळी आला. डास चावल्यावर ताप चढायला किती दिवस लागतात, डासाच्या अंगात रोग कसा येतो, सगळं. फळ्यावर रेघ मारून वार लिहिले. फळ्याकडं कुणी बघत नव्हतं. सगळे माझ्याकडं बघत होते.

"बरं," अध्यक्ष म्हणाले. "बाटलीतला न्हाई. मग कुठला?"

मी दाराकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सगळ्यांनीच पाहिलं असतं.

"पाणी जिथं साठतं तिथला. नेमका कुठला, ते मला सांगता येणार नाही."

"म्हंजे गावावर ढकलता व्हय?"

"आवं, आमी न्हाई का बॅरलं झाकत?" एक बाई उसळली. "शाळेत सहा-सहा बाटल्या मांडून बसायचं आन वर आमालाच!"

"पोरांस्नी पुस्तकातलं शिकवा की गड्या! परीक्षेत काय डास इचारत्यात?"

"न्हाई जमत तर आमची पोरं तालुक्याच्या इंग्लिश शाळंत घालतो. गाडी येतीय दारात."

सगळे एकदम बोलायला लागले. त्या गलक्यात टेबलावरच्या फोनमधून आवाज आला. लांबचा, वाऱ्याचा. "मॅडम. ओ मॅडम." अध्यक्षांनी हात वर केला. "ते राहू द्या सगळं. तुमी शिकल्याल्या हाय. माझी पोरगी वाचंल का, तेवढं सांगा."

फळ्यावर वार लिहिलेले, हातात खडू, आणि नेमकं हेच उत्तर माझ्याकडं नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "डॉक्टर आहेत. मिरजेत सोय चांगली आहे." माझं मलाच ते फार लहान वाटलं. फोन कट झाला. रेंज गेली असेल किंवा त्यांनी ठेवला असेल.

ठरलं असं, की बाटल्या आजच टाकायच्या, आणि शाळेत यापुढं प्रयोग नाहीत. मुख्याध्यापकांनी खाली मान घालून इतिवृत्तात लिहिलं. मी सही केली. बाटल्या मीच मोरीत नेल्या, अळ्या मरतील असं उकळतं पाणी ओतलं.

मी खोटं बोलले नव्हते. नेमका डास कुठला, हे कुणालाच सांगता येत नाही. पण एका घरातल्या सात कोषांची नोंद माझ्या पिशवीत होती आणि ती मी दाबली होती. मुलांनी वहीत असं केलं असतं तर मी पान फाडायला लावलं असतं. रविवार मी खोलीत बसून काढला. फोन वाजला की आधी नंबर कुणाचा ते बघायचे.

सोमवारी चुलत बहिणीनं हजेरीच्या वेळी सांगितलं, "मॅडम, पेशी वाढल्या. पंचावन्न." पट उघडा ठेवून मी बाहेर गेले आणि बादलीतल्या पाण्यानं तोंड धुतलं.

मुलगी परत शाळेत आली ती आणखी दोन आठवड्यांनी. हाडं वर आलेली, केस गळालेले, पण पहिल्या बाकावर. सोबत आजी. मुलगी जागेवर बसल्यावरही आजी गेली नाही. खिचडीच्या सुट्टीपर्यंत व्हरांड्यात बसून राहिली. मग मला म्हणाली, "मास्तरीणबाई, एक इचारू?"

"विचारा की."

"त्यो डास आमच्याच बॅरलातला व्हता न्हवं?"

मी आयुष्यभर फटकळ म्हणून ओळखले गेले. तेव्हा मात्र शब्द एकेक करून आले. "नक्की नाही सांगता येत, आजी. शेजारचाही असेल. पण तुमच्या बॅरलच्या तळात अळ्या होत्या, एवढं खरं. त्यातलाही असू शकतो."

"पोरीनं दवाखान्यातच सांगितलंया मला. सलाईन लावल्यालं, बोलायचं त्राण न्हाई, आन म्हनती, आजी, बाटलीतलं पाणीबी आपलंच व्हतं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मग सभेत का न्हाई बोल्लीस? मला तर दवाखान्यात लय सुनावत व्हतीस, बी.एस्सी. हाय म्हणून."

"तुमच्याकडं बघवत नव्हतं."

"मी काय बारकं प्वार हाय व्हय, माझं झाकायला? माझं मी बघिन." आवाज चढला तसा मुख्याध्यापक दारात आले. त्यांच्याकडं न बघता ती म्हणाली, "परवा पाणी यायचं हाय. बॅरल मी माझ्या हातानं कोरडं करणार न्हाई. सासूला शब्द दिलाया. पोरं घिऊन ये. तुमी करा."

"आजी," मुख्याध्यापक म्हणाले, "समितीचा ठराव झालाय. अध्यक्ष विचारतील."

"त्याला म्हणावं, मला इचार. त्याचा शेंबूड मी पुसलाया."

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. सगळा वर्ग नव्हता, ज्यांच्या घरच्यांनी 'जा' म्हटलं ती नऊ मुलं. मी आधीच बजावलं होतं, हात पाण्यात घालण्याआधी बाह्या वर, नंतर साबण. गल्लीतल्या बाया आपापल्या उंबऱ्यात उभ्या. अध्यक्षांची बायकोही त्यांत होती, कडेवर नातू घेऊन.

बॅरल अंगणातल्या कोपऱ्यात होतं. आजीनं झाकण काढलं, वाकून तळात एकदा पाहिलं. मग पदर डोक्यावर घेतला, आमच्याकडं पाठ केली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

"आजी, नको असलं तर राहू दे," मी म्हटलं.

"आता इचारू नको. करा."

चार मुलांनी बॅरल धरलं, मी खालून उचललं. पाणी वाळल्या मातीवर पसरलं आणि मुरत गेलं. त्यातल्या अळ्या उन्हात वळवळल्या आणि थांबल्या. पाण्याचा आवाज झाला तसे आजीचे खांदे एकदा हलले. ती वळली नाही.

मुलगी आडव्या बॅरलमध्ये डोकं घालून बघत होती. अशक्त होती, तिला मी उचलू दिलं नव्हतं. आतून तिचा आवाज घुमला, "मॅडम, पाणी गेलं तरी कडंला काळं काळं चिकाटल्यालं हाय. खसखशीपेक्षा बारीक. ही अंडी का वं?"

"असतील. हात लावून बघ, निघतात का."

"न्हाई निघत. बुळबुळीत हाय सगळं."

कुणीतरी तांब्याभर पाणी ओतायला निघालं तसं मी थांबवलं, नुसत्या पाण्यानं ते जाणार नव्हतं. मी काही म्हणायच्या आत भिंतीकडनं आवाज आला.

"मग घासा की रं! काथ्या मोरीत हाय. आन नळ यायच्या आत उरका."